वरातीच्या घोडीवरून समुद्राला

पौष महिन्यात लग्नं होत नाहीत, आणि लग्नं होत नाहीत म्हणून वरातीच्या घोड्या रिकाम्या असतात. आमच्या प्रवासाचं मूळ एवढंच. पुढे वन्संनी लोकांना प्राचीन व्यापारी मार्ग, सातवाहन, बंदरं असं बरंच काही सांगितलं आणि ते खोटंही नव्हतं, पण घोड्या रिकाम्या नसत्या तर त्या महिन्यात आम्ही दोघी घरी तिळाच्या वड्या थापत बसलो असतो.

वन्सं म्हणजे माझी नणंद. माझ्या नवऱ्याहून लहान, माझ्याहून थोड्या मोठ्या. हल्ली नणंदेला कोणी वन्सं म्हणत नाही. मीही मध्यंतरी ताई म्हणून पाहिलं, तर त्या म्हणाल्या, "काय गं वहिनी, रागावलीस का?" तेव्हापासून परत वन्संच. शाळेत इतिहास शिकवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. दरवर्षी सहावीच्या वर्गात त्या फळ्यावर नाशिकपासून पश्चिमेला समुद्रापर्यंत खडूने एक वाकडी रेघ ओढायच्या आणि सांगायच्या, की दोन हजार वर्षांपूर्वी या वाटेने बैल, घोडे, गाढवं माल घेऊन घाट उतरायची आणि खाली किनाऱ्याकिनाऱ्याने बंदर गाठायची. त्यांच्या निरोपसमारंभात एका मुलीने उठून विचारलं, "बाई, तुम्ही गेलात का हो कधी त्या रस्त्याने?" वन्सं म्हणाल्या, "खाली बस." मुलगी बसली. वन्संच्या डोक्यात मात्र तो प्रश्न काही खाली बसला नाही.

त्यांचं घर जुन्या नाशकात आणि घराच्या मागे चाचांचा तबेला. चाचा म्हणजे वरातीला घोड्या पुरवणारे. गावातल्या निम्म्या नवऱ्यांना त्यांनी घोडीवर चढवलंय. उतरल्यावर त्यांचं काय झालं ते अल्लाला माहीत, असं ते म्हणतात. वन्सं वर्षानुवर्षं स्वयंपाकघराच्या खिडकीतून घोड्यांना गुळाचे खडे आणि गाजराचे शेंडे देत आल्या होत्या. निवृत्त झाल्यावर एके सकाळी त्या खिडकी सोडून दारातून तबेल्यात शिरल्या आणि म्हणाल्या, "चाचा, मला बसायला शिकवा."

"अरे बैठो ना ताई, खुर्ची आणतो."

"खुर्चीवर नाही हो!"

अशी त्यांची शिकवणी सुरू झाली. सोबत म्हणून मला ओढलं. मी म्हटलं, माझी उभी नोकरी पोस्टाच्या काउंटरमागे बसून गेली आहे. वन्सं म्हणाल्या, "मग बसायचा अनुभव आहेच की." पावसाळा संपला तेव्हा आम्ही दोघी मैदानात फेऱ्या मारत होतो, आणि दिवाळीच्या सुमारास मी पहिल्यांदा न ओरडता दुडक्या चालीने एक फेरी पूर्ण केली. घरी माहीत होतं की आम्ही 'चालायला' जातो. चालणं होतंच, फक्त पाय घोड्याचे होते.

समुद्रापर्यंत जायचं ठरलं तेव्हा मात्र घरी काय सांगायचं हा प्रश्न आला. माझे यजमान पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंता. मी स्टुलावर चढले तरी ते खालून दोन्ही हात पसरून उभे राहतात, धरण फुटायच्या बेतात असल्यासारखे. मी घोड्यावरून घाट उतरणार म्हटल्यावर त्यांनी आधी घाटाचा उतार काढला असता आणि मग मला घरात कोंडलं असतं. वन्संनी एका दमात थाप ठोकली. "दादा, आम्ही दोघी ध्यान शिबिराला चाललोय. मौन असतं. फोनवर बोलायचं नाही."

हे क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. त्यांना मौनाचं आश्चर्य वाटलं असावं. मग आत जाऊन त्यांनी माझ्या पिशवीत वेदनाशामक मलम, बसायला घडीचं आसन आणि गरम पाण्याची पिशवी भरली. निघताना म्हणाले, "पहिल्याच दिवशी फार ध्यान करू नकोस. मांडी घालून गुडघा आखडतो."

मला वाईट वाटलं. वन्संनी रिक्षात बसल्यावर ते वाटणं घालवलं.

गिरणारे गावाच्या पुढे, उजाडता उजाडता, चाचा दोन घोडी घेऊन उभे होते. स्वतः मात्र मोपेडवर. मागे हरभऱ्याचं पोतं बांधलेलं. जन्मभर घोड्यांमध्ये राहिलेला हा माणूस स्वतः घोड्यावर बसत नाही. "मैं बैठूं? मेरी कमर किसकी, सरकारची?" असं विचारतात. त्यांनी ठरवलं होतं की ते डांबरी रस्त्याने पुढे जायचं, मुक्कामाच्या गावी चारापाण्याची सोय करून ठेवायची, आणि आम्ही जुन्या वाटेने मागून यायचं. जुनी वाट नेमकी कुठून जात होती यावर जाणकारांचंच एकमत नव्हतं, त्यामुळे आम्ही कुठूनही गेलो तरी चूक ठरणार नव्हतो. वन्संनी हे फार आधी हेरून ठेवलेलं.

माझ्या वाट्याला पांढरी आली आणि वन्संना तांबडा. पांढरीच्या पाठीवर लाल मखमलीची झूल होती, जरीची किनार, मधे आरसे.

"चाचा, ही काढा की," मी म्हटलं.

"झुलीशिवाय ती चालत नाय ताई. तिला कपडे नसल्यासारखं वाटतं." मग चाचांनी घसा साफ केला. "दोन्ही एकदम सीधे हाय. फकत पांढरीच्या कानावर ढोल पडू देऊ नका. आणि तांबड्याचं… ते कळेल तुम्हाला."

आम्ही डोक्यावर स्कूटरची हेल्मेटं चढवली आणि निघालो.

पहिल्याच टोमॅटोच्या मळ्यापाशी खुडणाऱ्या बायका ताठ उभ्या राहिल्या. लाल मखमल, आरसे, वर हेल्मेट घातलेली बाई. त्यातली एक ओरडली, "ओ मावशी, नवरदेव कुठंय?"

"पुढे गेला!" वन्संनी बसल्या जागेवरून सांगितलं.

पुढच्या वस्तीवर पुन्हा तोच प्रश्न. या खेपेला वन्सं म्हणाल्या, "पळाला." द्राक्षबागेच्या कुंपणाशी कोणीतरी विचारलं तर, "शोधायलाच चाललोय, पाहिलात का?" आणि तो सज्जन माणूस खरंच आठवायला लागला. चहाच्या टपरीवर एका म्हातारबाबांना त्यांनी माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं की नवरी हीच आहे, नवऱ्याला आणायला निघालीय. म्हातारबाबा मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाले, "लय उशीर झाला व बाई, पन जा. जा."

तांबड्याचं काय ते दुपारच्या आत कळलं. तो मजेत चालत असताना अचानक थांबला, शहाण्यासारखा अर्धवर्तुळ घेऊन वळला आणि नाशिकच्या दिशेने परत निघाला. वन्संनी लगाम ओढला, टाच मारली, इतिहासातली बरीच नावं घेऊन त्याला आवाहन केलं. तो चहाच्या टपरीपाशी, जिथून निघाला होता तिथे, परत येऊन आडवा उभा राहिला, बाई उतरण्याची वाट बघत. चाचांना फोन लावला तेव्हा ते हसायला लागले. तांबडा म्हणे आधी मुंबईला चौपाटीवर होता. पोरांना बसवायचं, ठरलेल्या अंतरापर्यंत न्यायचं, वळायचं, आणून सोडायचं. "गिऱ्हाईक उतरलं का दुसरं चढतं, मग तो परत निघतो," चाचा म्हणाले.

वन्संनी फोन ठेवला आणि थोडा विचार केला. मग त्या घोड्यावरून उतरल्या. तांबड्याला चुचकारत, हाताने धरून, जिथून तो वळला होता तिथपर्यंत पायी नेलं. तिथे त्याच्या शेपटीमागून वळसा घेऊन दुसऱ्या बाजूने आल्या, आवाज बदलून म्हणाल्या, "काय हो, फेरी कशी देता?" आणि वर चढल्या. तांबडा चालू लागला.

तिथून पुढे सबंध वाट आम्ही अशीच कापली. तो थांबायच्या बेतात आला की वन्सं आधीच ओळखून उतरायच्या आणि नवं गिऱ्हाईक होऊन चढायच्या. प्रत्येक वेळी आवाज बदलायची काही गरज नव्हती. घोड्याला काय कळतंय! पण त्यांना ते आवडायला लागलं होतं. कधी त्या गुजराती शेठाणी व्हायच्या, कधी हट्टी लहान मुलगी. एकदा तर त्यांनी माझ्या नवऱ्याची नक्कल केली: आधी रिकीब तपासली, मग खोगिराचा पट्टा, मग आकाशाकडे पाहिलं. मी हसून हसून पांढरीच्या मानेवर पडले.

रोज सकाळी ह्यांचा संदेश यायचा. "ध्यान कसं चाललंय? उत्तर देऊ नकोस."

हरसूलला पोचलो त्या दिवशी तिथे आठवड्याचा बाजार होता. नागली, वाळलेली मासळी, कोयते, टोपल्या, आणि मधून आम्ही. चाचांनी बाजाराच्या टोकाला एका ओळखीच्या घरच्या अंगणात मुक्काम ठरवला होता. घरधनिणीने आधी घोड्यांना पाणी दाखवलं आणि मग आम्हाला. नागलीची भाकरी आणि उडदाचं पिठलं खाल्लं. जेवण झाल्यावर तिने वन्संना विचारलं, "बाय, गाड्या बंद झाल्या का तुमच्या गावाला?"

घोड्यावर दिवसभर बसलं की दुसऱ्या दिवशी माणसाला स्वतःच्या शरीरातले नवे भाग सापडतात. मी सकाळी अंगणात उतरले ती दोन्ही पाय फाकून, बदकासारखी. ह्यांची गरम पाण्याची पिशवी देवासारखी कामाला आली. आसनही वाया गेलं नाही. ते मी खोगिरावर घडी करून ठेवलं आणि पुढचा सगळा प्रवास त्यावर बसून केला. ध्यान शिबिराचं साहित्य इतक्या निष्ठेने कोणी वापरलं नसेल.

त्यापुढे घाट. चाचा मोपेड घेऊन गाडीरस्त्याने वळसा मारायला गेले आणि आम्ही पायवाटेला लागलो. उतारावर घोड्यावर बसायचं नाही, असं चाचांनी बजावलेलं. आम्ही लगाम हातात धरून पुढे, घोडी मागे. वाट गवतातून, मग दगडांतून, मग साफ कोरड्या ओढ्यातून उतरत होती. काही जागी दगड घासून इतके गुळगुळीत झालेले की वन्सं थांबल्या, खाली बसल्या आणि त्यांनी दगडावर तळहात ठेवला. मी काहीतरी थट्टा करणार होते. त्यांचा चेहरा बघून नाही केली.

"हे पाण्याने झालंय की खुरांनी, मला नाही सांगता येणार," त्या म्हणाल्या. "वर्गात मी छातीठोक सांगितलं असतं."

तेवढ्यात खालून एक म्हातारी डोक्यावर सरपणाचा भारा घेऊन वर आली. न थांबता तिने विचारलं, "कुठं चालल्या?"

"समुद्राला," मी म्हटलं.

तिने एकदा आमच्याकडे पाहिलं, एकदा आमच्या हातातल्या लगामांकडे, एकदा रिकाम्या खोगिरांकडे. "मंग घोडं कशाला?" म्हणाली आणि निघून गेली.

खालच्या सपाटीला लागल्याबरोबर आम्ही घाईघाईने चढून बसलो.

आता सव्वीस जानेवारीची हकीकत सांगते, कारण सगळं फिसकटलं ते तिथे.

घाटाखालच्या एका गावाजवळून आम्ही सकाळी चाललो होतो. हवा गार होती, पांढरी मान खाली घालून चालत होती आणि मी बहुतेक पेंगत होते. अचानक तिचे कान उभे राहिले. मग मलाही ऐकू आलं. लांबून, शेतांपलीकडून, ढोल.

"वन्सं," मी म्हटलं.

"ऐकतेय," त्या म्हणाल्या. "लेझीम आहे. आज झेंडावंदन ना. घट्ट धर."

घट्ट धरून काही उपयोग नव्हता. पांढरीने मान कमानीसारखी वाकवली, शेपटी उचलली आणि कापलेल्या भातशेतांतून, बांध ओलांडत, सरळ त्या आवाजाकडे निघाली. शाळेच्या मैदानात झेंडा नुकताच फडकला होता. मुलामुलींच्या दोन रांगा लेझीम खेळत होत्या. पांढरी त्या दोन रांगांच्या मधे शिरली आणि नाचायला लागली. पुढचे पाय आळीपाळीने उचलायचे, डावीकडे झुकायचं, उजवीकडे झुकायचं, ठेक्यावर थबकायचं. इतक्या वराती केलेल्या बाईचं काम, एक पाऊल चुकलं नाही. मुलांनी लेझीम थांबवली नाही, त्यांना वाटलं हे कार्यक्रमातच आहे. वर मी. हेल्मेट डोळ्यांवर आलेलं, एका हातात आयाळ. समोर झेंडा दिसला म्हणून दुसऱ्या हाताने सलाम ठोकला.

मुख्याध्यापक धावत आले. त्यांचे प्रमुख पाहुणे यायचे होते, कोण ते तालुक्याहून कळवलंच नव्हतं, अजून पोचलेही नव्हते, आणि खुर्ची, नारळ, शाल सगळं तयार होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मागून तांबड्यावरून शांतपणे येणाऱ्या वन्संकडे पाहिलं, आणि हायसं वाटून हात जोडले. "या या मॅडम! आम्हाला वाटलं गाडीने येणार."

कोणीही सरळ माणूस म्हणाला असता, आम्ही ते नव्हे. वन्सं म्हणाल्या, "गाडीचं काय घेऊन बसलात!" आणि जाऊन खुर्चीवर बसल्या.

त्यांनी शाल घेतली, नारळ घेतला. मग भाषणाला उठल्या आणि माइक बाजूला सारून हातात काठी घेतली. मैदानातल्या धुळीत त्यांनी एक लांब वाकडी रेघ ओढली. हे नाशिक, हा घाट, हे तुमचं गाव, तो समुद्र. पोरं रेघेच्या दोन्ही बाजूंना उकिडवी बसली. वन्संनी बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाजवून दाखवल्या, जकात मागणारा शिपाई करून दाखवला, घाटात पाय घसरलेलं गाढव तर फारच छान केलं. मी त्यांना असं शिकवताना पहिल्यांदाच पाहत होते. "काही विचारायचंय?" असं त्यांनी शेवटी खुर्चीवर परत बसत म्हटलं, तेव्हा एका चुणचुणीत मुलीने हात वर केला.

"बाई, ह्या घोडीचं लग्न झालं हाय का?"

"नाही," वन्सं म्हणाल्या. "ती फक्त दुसऱ्यांची लावते. म्हणून खूश आहे."

याच वेळी खरे प्रमुख पाहुणे आले. पांढरा सदरा, गळ्यात सोन्याची साखळी, अंगापिंडाने भक्कम. ठेकेदार होते ते तालुक्यातले. आपल्या खुर्चीवर शाल पांघरलेली बाई बघून ते फाटकातच थांबले. मुख्याध्यापकांचा चेहरा पडला. मला तर घोडी घेऊन पळावंसं वाटलं. वन्सं उठल्या, आपल्या खांद्यावरची शाल काढून पाहुण्यांच्या खांद्यावर घातली, नारळ त्यांच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "साहेब, तुमचीच वाट बघत होतो. तुमच्या स्वागतासाठी नाशिकहून घोडी आणलीय."

मनुष्य विरघळला. एक फोटो तरी काढूच म्हणाला. बाकावरून, दोघांच्या मदतीने तो पांढरीवर चढला. चढताना पांढरीने एक सुस्कारा सोडला. मी लगाम धरून शेजारी उभी. पोरं टाळ्या वाजवत होती. आणि मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, वन्संनी ढोलवाल्याकडे बघून हळूच भुवई उचलली.

ढोल सुरू झाला. पाहुणे आधी ओरडले. मग "अरे धरा, धरा" म्हणाले. पांढरीने त्यांना मैदानाची पूर्ण एक फेरी घडवली, डावीकडे झुकून, उजवीकडे झुकून, झेंड्यासमोर थबकून. फेरी अर्धी झाली तोवर त्यांना जमायला लागलं. पाऊण झाल्यावर त्यांनी एक हात सोडून लोकांना नमस्कार केला. उतरले तेव्हा घामाने चिंब होते आणि म्हणत होते, "परत एकदा घेऊ का?" लग्नात त्यांना जीप मिळाली होती, घोडी मिळाली नव्हती, असं त्यांनी आम्हाला हळू आवाजात सांगितलं.

सगळ्या मैदानाने मोबाइल उंच धरले होते हे माझ्या लक्षात आलं, पण त्याचा अर्थ लक्षात आला नाही.

तो संध्याकाळी आला. जव्हारच्या अलीकडे आम्ही चहा पीत होतो आणि माझा फोन वाजला. ह्यांचा संदेश होता. आधी एक व्हिडिओ. नाचणारी पांढरी, वर ठेकेदार, बाजूला लगाम धरून लाल हेल्मेटमधली मी, तोंड उघडं. खाली लिहिलं होतं, "मौन शिबिरात ढोल असतो का?"

मी पेला खाली ठेवला. तेवढ्यात दुसरा संदेश आला. "हेल्मेटचा पट्टा बांध. लोंबतोय."

"वन्सं, मी फोन करते."

"मौन आहे आपलं."

"वन्सं!"

फोन लावला. पलीकडून हे म्हणाले, "मला सांगितलं असतंत, तर मी काय नाही म्हटलं असतं?"

"हो," मी आणि वन्सं एकदमच म्हणालो. फोन स्पीकरवर होता.

"घाट कुठला उतरलात?" मी सांगितलं. "पायी का बसून?" पायी. "दगड सुटे होते?" होते. "हं," म्हणाले. मग अगदी वेगळ्या आवाजात, "घोडी फार सुंदर नाचते गं." आणि फोन ठेवला.

त्यानंतर त्यांचे संदेश दिवसातून चारचारदा येऊ लागले. पुढच्या नदीवर पूल कुठे आहे, कुठल्या बाजूने चढ कमी आहे, कुठे सावली मिळेल. घरी बसून नकाशावर त्यांनी आमच्यासाठी वाट शोधायला घेतली होती. त्यातली एक वाट थेट एका खाणीत जाऊन संपली. वन्संनी त्या दिवशी दिवसभर भावाचा उद्धार केला आणि मला मात्र मनातून फार बरं वाटत होतं.

जमीन सपाट होत गेली, हवेला ओल आली, ताडाची झाडं दिसू लागली. मग चिकूच्या वाड्या, मग सुरूचं बन, आणि बनाच्या फटींतून एकदम समुद्र. डहाणूच्या बाजूचा किनारा तो. ओहोटी होती, वाळू ओली आणि सपाट, नजर पोचेपर्यंत.

पांढरीने आयुष्यात एवढं पाणी पाहिलं नव्हतं. पहिली लाट तिच्या खुरांशी आली तशी तिने चारही पाय एकदम उचलायचा प्रयत्न केला. तांबड्याचं उलट. वाळू पायाला लागल्याबरोबर तो दहा वर्षांनी तरुण झाला. मान ताठ, चाल डौलदार, आणि वन्संच्या लगामाकडे पूर्ण दुर्लक्ष करून तो किनाऱ्यावर एकट्याच उभ्या असलेल्या एका माणसापाशी गेला आणि आडवा थांबला.

तो माणूस म्हणजे माझे यजमान. पँट दुमडलेली, बूट हातात, खांद्यावरच्या पिशवीतून माझे गुडघ्याचे पट्टे लोंबत होते. सकाळीच नाशिकहून गाडी हाणत आले होते.

"याला काय हवंय?" त्यांनी विचारलं.

"गिऱ्हाईक," वन्सं म्हणाल्या आणि उतरल्या. "बस दादा."

ते नाही म्हणाले. रिकीब पाहिली, पट्टा पाहिला, आकाशाकडे पाहिलं. वन्सं माझ्याकडे न बघता पाण्याकडे बघू लागल्या, कारण माझ्याकडे बघितलं असतं तर फुटल्या असत्या. मग कोण जाणे काय वाटलं, हे चढले. तांबडा अत्यंत जबाबदारीने त्यांना ठरलेल्या अंतरापर्यंत घेऊन गेला, वळला आणि त्याने परत आणून सोडलं.

"झालं?" हे म्हणाले. वरून किनारा लांबवर दिसत असणार. "एवढंच?"

"पुढे जायचं असेल तर उतरून परत चढावं लागतं," वन्संनी सांगितलं.

ते उतरले. मागून वळसा घालून परत चढले.

अशी ती दुपार गेली. चाचा सुरूच्या सावलीत मोपेडला टेकून झोपले होते. आम्ही किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेला बोर्डीकडे जात होतो. मी पांढरीवर, ती आता लाटेला फक्त तिरकं बघत होती; पुढे हे तांबड्यावर, चढत उतरत, गुडघ्यांची काही चिंता न करता. वन्सं अनवाणी, पाण्यातून चालत.

एका ठिकाणी वाळूत बांबूच्या आडव्या काठ्यांवर बोंबील वाळत घातले होते आणि शेजारी एक कोळीण बसली होती. वन्सं तिच्यासमोर थांबल्या आणि खांद्यावरच्या झोळीतून त्यांनी कापडात बांधलेलं एक गाठोडं काढलं. मला ते नवीन होतं. सोडलं तर आत नाशिकचे बेदाणे, चांगले हिरवे, लांबट.

"हे घे आणि बोंबील दे," त्या म्हणाल्या.

कोळणीने बेदाणे चाखले. "पैशे नाय का बाय?"

"आहेत. पण घाटावरून माल आणलाय तर मालावर माल घ्यायचा."

कोळीण काही क्षण वन्संकडे, मग आरशांच्या झुलीकडे पाहत राहिली, आणि तिलाही गंमत वाटली असावी, कारण ती पदर खोचून नीट घासाघीस करायला बसली. बेदाणे लहान आहेत म्हणाली. वन्संनी बोंबलांना नावं ठेवली. ती म्हणाली, गेल्या वर्षी पिवळे बेदाणे होते ते बरे. वन्सं म्हणाल्या, गेल्या वर्षी कोण आलं होतं? "येतात असेच येडे," कोळीण म्हणाली आणि दोघी हसायला लागल्या. शेवटी सगळे बेदाणे गेले आणि वन्संच्या झोळीत बोंबलांची एवढी मोठी जुडी आली, की तांबडा तिच्यापासून अंतर राखून चालू लागला.

हे जन्माचे शाकाहारी. घोडी टेम्पोने परत गेली आणि आम्ही ह्यांच्या गाडीने. त्या गार हवेत, चारही काचा खाली करून, नाकावर मफलर बांधून त्यांनी सगळा घाट चढवला आणि मधे एकदाही तक्रार केली नाही. फक्त त्र्यंबकच्या आसपास एकदा म्हणाले, "त्या काळच्या व्यापाऱ्यांच्या बायका काय म्हणत असतील गं?"

बोंबील चाचींच्या स्वाधीन केले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी कांदा आणि लाल तिखट घालून ते परतले, रस्सा केला आणि तबेल्यासमोरच्या ओट्यावर आम्हाला जेवायला बसवलं. ह्यांच्यासाठी वेगळी वांग्याची भाजी होती. त्यांनी ती संपवली, थोडा वेळ आमच्या ताटांकडे बघत बसले, आणि मग चाचींना विचारलं की नुसता रस्सा घेतला तर चालेल का, तुकडे नकोत. चाचींनी रस्सा वाढला. त्यात एक तुकडा होता. तो त्यांनी बाजूला काढला नाही.